बंबातलं पाणी

तुळजारामला बंबाच्या केबिनमधून खाली ओढलं, तेव्हा स्टेअरिंगवरचं रेक्झिनचं कव्हर फाटून त्याच्या मुठीत आलं. शेवटपर्यंत त्यानं स्टेअरिंग सोडलं नव्हतं.

"पळतो व्हय रं? आत माणूस जळायलाय आन् तू गाडी वळवून पळतो?"

"पळत नाही मालक, पाणी आणायला—"

पुढचं त्याला बोलू दिलं नाही. पहिली काठी कानशिलावर बसली. वेताची काठी होती, मिरवणुकीत नाचवायची, टोकाला घुंगरू बांधलेली. दर फटक्याला घुंगरू वाजत होते. तुळजाराम खाली बसला, तसा कुणीतरी त्याच्या छातीत लाथ घातली. तो बंबाच्या चाकावर आपटला आणि तिथंच गोळा होऊन पडला.

मी त्याच्याच शेजारच्या सीटवर होते. घंटेची दोरी माझ्या हातात होती.

"अहो, पाणी मागं आहे. मठाच्या हौदात आहे," मी म्हणत होते. ते ऐकायला समोरच्या काचेशिवाय कुणी नव्हतं.

समोर बाजारगल्लीत होनरावांचं गादी-कापसाचं दुकान पेटलं होतं. कापूस पेटतो तेव्हा लाकडासारखा तडतडत नाही. तो नुसता हुंकारतो. खालच्या दुकानातून तो हुंकार येत होता आणि वरच्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या खिडकीत, दोन हात दिसत होते. धूर दाट झाला की ते दिसेनासे व्हायचे. पुन्हा दिसायचे.

"महादेवाऽ! जाळी सोडू नको रं!" खालून लोक ओरडत होते.

ते हात मी ओळखत होते. त्याच दिवशी सकाळी त्या हातांनी माझ्याकडून पाण्याचा तांब्या घेतला होता.

*

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी आमच्या गावच्या नगरपरिषदेत कर विभागाच्या खिडकीवर बसायचे. सबनीसबाई म्हणून मला सगळं गाव ओळखायचं. गावात कुणाची घरपट्टी थकली आहे हे मला ठाऊक असल्यामुळे निम्मं गाव नमस्कार करायचं आणि निम्मं रस्ता बदलायचं.

माझे दोन नेम होते. कुणा आल्यागेल्याला आपल्या हातानं पाणी दिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, हा एक. दुसरा गाणगापूरला पादुकांवर हात ठेवून घेतलेला. आवाज चढवायचा नाही. घरात नाही, दारात नाही, ऑफिसात तर नाहीच. खिडकीवर लोक काय काय बोलायचे! मी हळूच म्हणायचे, "बरं, पावती घ्या." शिपाई हसायचे, "बाईंचं बोलणं ऐकायला कान खिडकीत घालावा लागतो."

नगरपरिषदेच्या गाड्या तीन. आगीचा बंब, पाण्याचा टँकर आणि शववाहिका. ड्रायव्हर मात्र एकच, तुळजाराम खंडागळे. पूर्वी प्रत्येक गाडीला माणूस होता, बंबावर तर पाईप धरायला, घंटा वाजवायला वेगळी माणसं होती. एकेक जण निवृत्त होत गेला, सत्काराचे हार वाळत गेले आणि जागा तशाच राहिल्या. अग्निशामकाच्या खोलीला शेवटी कुलूप लागलं. तिथला फोन उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बाई, तुम्ही बसलेल्याच असता," साहेब म्हणाले.

भरतीचा ठराव एकदा सभेपुढं आला होता. त्यासाठी घरपट्टी थोडी वाढवावी लागणार होती. व्यापारी संघटनेनं बाजारपेठ बंद ठेवली आणि ठराव मागं पडला. संघटनेचे अध्यक्ष होते गुरुलिंगप्पा होनराव. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

अप्पा वाईट माणूस नव्हते. एप्रिल लागला की पहिल्या दिवशी खिडकीवर पहिला माणूस तेच असायचे. कपाळाला भस्म, धोतर परीटघडीचं. पैसे माझ्यापुढं ठेवून म्हणायचे, "अक्का, हे घ्या. यातून रस्ता करा, दिवे लावा. पण माणसं पोसू नका. आमच्या घामाचा पैसा आहे."

पंधरा ऑगस्टला त्यांच्याच संघटनेनं तुळजारामचा सत्कार केला. शाल आणि श्रीफळ. अप्पा माईकवर म्हणाले, "हा बघा. एकटा माणूस तीन गाड्या ओढतो. काम करायचं म्हटलं की होतं. उगाच माणसं नाहीत म्हणून रडायचं नाही."

तुळजाराम शाल पांघरून लाजत उभा होता. नंतर मला म्हणाला, "बाई, शालीत लई उकडतंय. पण गाडीच्या सीटवर बरी दिसंल."

त्यानंतरच्या मे महिन्यात अप्पांच्या मुलीचं, शैलजाचं लग्न होतं. मांडव मठाच्या पटांगणात, दुकानाच्या पाठीमागंच. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. म्हणून अप्पांच्या धाकट्या भावानं, महादेवनं, टँकरचे पैसे रीतसर भरून ठेवले होते. लग्नाच्या सकाळी तो घामाघूम होऊन आमच्याकडं आला.

"ताई, टँकर कुठाय? वऱ्हाड उतरलंय. मठाचा हौद कोरडा पडलाय."

टँकर गॅरेजात होता, गिअरबॉक्स उघडून ठेवलेला. मी ते सांगितलं, तशी त्यानं डोक्याला हात लावला. "अप्पाला कळलं तर मला जिवंत ठेवायचा नाही. पैसे भरलेत ताई, फुकट मागत नाही."

मी त्याला तांब्यातून पाणी दिलं. तो उभ्याउभ्याच गटागटा प्याला. हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत आले. माझा त्या दिवसाचा नेम असा महादेवच्या हातून झाला.

मुख्याधिकारी साहेबांनी आतून हाक मारली. "खंडागळे, बंबातलं पाणी टाक हौदात. टँकर काय नि बंब काय, पाणी ते पाणी. ह्यांनी पैसे भरलेत, आपण बांधील आहोत."

तुळजाराम दारात घुटमळला. "साहेब, बंब रिकामा ठेवू नये म्हणतात. भरायला येळ लागतो. मोटारीला लाईट न्हाई."

"कोण म्हणतात?"

"पैले शिंगटे फायरमन म्हणायचे."

"ते रिटायर झाले. तुला दुसरा काही मार्ग सुचतोय?"

बंब मठात गेला आणि रिकामा होऊन परत आला. तो अंगणात उभा करून तुळजाराम वीज यायची वाट बघत बिडी ओढत होता. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

*

"होनरावाच्या दुकानाला आग लागलीय! लवकर या!" कुणीतरी किंचाळून फोन आपटला.

मी धावत अंगणात गेले. सांगितल्याबरोबर तुळजाराम क्षणभर दगड झाला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"बाई, पाणी तर तिथंच हाय की! आत्ताच ओतून आलो न्हवं का मठात? हौदात पाईप टाकायचा, उलटं वढून घ्यायचं, मठाच्या भिंतीवरनं दुकानावर मारायचं. दुकानाची पाठ मठालाच लागून हाय. चला बसा!"

"मी?"

"घंटा कोण वाजवणार? गल्लीत गर्दी हाय लग्नाची."

मी पदर खोचला आणि चढले. देवळातली घंटा आयुष्यभर वाजवली होती. ही वाजवताना दोरीनं तळहात सोलून निघाला.

बाजारगल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि समोर गर्दीच गर्दी. अप्पांकडचा गुगुळ निघाला होता. होनरावांच्या घरात लग्नाआधी वीरभद्राच्या नावानं गुगुळाची मिरवणूक निघायची. पुढं हलगी, मागं धुपाची धगधगती मडकी डोक्यावर घेतलेली माणसं, हातांत काठ्या. ती सगळी मिरवणूक देवळाकडून धावत परत आली होती. हलगीवाल्याला थांबायचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो भांबावून वाजवतच होता.

आगीचं कारण कुणालाच धड ठाऊक नव्हतं. वायर जळाली म्हणाले. महादेव वरच्या मजल्यावर गेला होता, शैलजाच्या आंदणातल्या नव्या गाद्या उतरवायला. खालून कापसानं पेट घेतला आणि जिना त्यातच गेला.

बंब दिसताच गर्दीतून आरोळी उठली. माणसं रडायला लागली, कुणी हात जोडले. गर्दी फाकली. दुकानापर्यंत रस्ता मोकळा झाला.

आणि तुळजारामनं बंब उजवीकडं, मठाच्या बोळात वळवला.

मठाच्या हौदापाशी जायला तोच रस्ता होता. ते आम्हां दोघांना ठाऊक होतं. गर्दीला दिसलं ते एवढंच की आगीचा बंब आगीला पाठ दाखवून निघाला.

*

चाकाशी पडलेल्या तुळजारामला त्यांनी केसाला धरून उभं केलं. त्याच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. कुणीतरी बंबाच्या टाकीवर दगड मारला. पोकळ आवाज आला, मोठ्ठा.

"रिकामाय! बंब रिकामाय!"

त्या आवाजानं गर्दी जी पेटली, तिला आता विझवणारं कुणी नव्हतं. मांडवाचा वासा आणला एकानं. तो तुळजारामच्या पाठीत पडला, तेव्हा ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. बायकांनी डोळे झाकले. एक म्हातारी मात्र पुढं होऊन त्याच्या तोंडावर थुंकली. "आमच्या पैशावर जगतोस, मुडद्या!"

"मठात... हौद..." तुळजाराम म्हणत होता. तोंडातून शब्दांऐवजी फेस येत होता, लाल.

तेवढ्यात अप्पा आले. डोक्याचा फेटा सुटून गळ्यात आला होता. हातात दुकानातला लोखंडी गज होता, गादीचं कापड मोजायचा. त्यानंच ते शटर फोडत होते. त्यांचे तळहात भाजले होते. गज तापलेला असावा, पण त्यांना ते कळत नव्हतं.

"तुळजाराम, पाणी कुठाय?"

तुळजारामनं डावा हात उचलला. बोळाकडं दाखवायला उचलला होता. मला केबिनमधून स्वच्छ दिसत होतं, तो बोट दाखवत होता.

अप्पांना वाटलं, अंगावर येतोय.

गज त्या हातावर उतरला. एकदा, मग पुन्हा. कोपराखाली हात वाकू नये तिथं वाकला. तुळजाराम ओरडला नाही. त्यानं नुसता श्वास आत ओढला आणि तो बाहेर सोडायचं विसरला.

"पोसलं तुम्हाला!" अप्पा म्हणत होते. आवाज त्यांचा नव्हता. "पोसलं! पोसलं!"

गज तिसऱ्यांदा वर गेला, या खेपेला डोक्यासाठी.

वर खिडकीत आता एकच हात होता.

मी दार उघडलं. खाली उतरायला जागा नव्हती, म्हणून बॉनेटवर चढले. पायांत चपला नव्हत्या, पत्रा पोळत होता. आणि मी ओरडले.

काय ओरडले ते आठवत नाही. आधी नुसता आवाज निघाला. माझ्याच गळ्यातून असं काही निघेल हे मला माहीत नव्हतं. एखाद्या जनावराच्या पोटात सुरी गेल्यावर येईल तसा तो होता. हलगीवाला सर्वांत जवळ होता. त्याची टिपरी हातातच थांबली. हलगी थांबली म्हणून पुढचे लोक वळले, ते वळले म्हणून त्यांच्या मागचे.

"अप्पाऽ! पाणी तुमच्या मांडवात आहे! हौदात आहे! तो पाणी आणायला चालला होता! त्याला जाऊ द्या, नाहीतर महादेव जाईल!"

गज तसाच वर राहिला. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग बोळाकडं. मग चाकाशी पडलेल्या माणसाकडं, त्याच्या त्या वाकड्या हाताकडं. बोट अजून बोळाच्याच दिशेला होतं.

पुढचं सगळं फार भराभर झालं आणि तरी उशिराच झालं. मारणारेच हात बंब ढकलायला लागले. तुळजाराम एका हातानं बंबाच्या कडेला धरून लटकला आणि सांगत सुटला, "पाईप सोडा... जाळीचं तोंड हौदात... ते न्हाई, दुसरं टोक... आता दांडा वढा." ज्यानं वासा घातला होता तोच धावत जाऊन दांडा ओढत होता. पंपानं गचके खाल्ले, पाईप फुगला आणि मठाच्या भिंतीवरून पाणी उसळलं.

पाण्याला वाळ्याचा वास होता. पाहुण्यांना प्यायला म्हणून महादेवनं सकाळी हौदात वाळ्याच्या पुरचुंड्या सोडल्या होत्या. जळक्या कापसावर तो गार, सुगंधी वास पसरला.

आग विझली. महादेवला खाली आणला तेव्हा त्याच्या बोटांत जाळीचा चौकोन उमटलेला होता. तो गेला होता.

*

हवालदार आले, पंचनामा झाला. प्रेत टेकडीवरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. लग्नाला आलेल्या सगळ्या गाड्या हारांनी सजलेल्या. त्यांत महादेवला कसं घालणार?

"नगरपरिषदेची शववाहिका मागवा," कुणीतरी म्हणालं.

मी ऑफिसात फोन लावला. साहेब म्हणाले, "गाडी आहे हो बाई. पण ड्रायव्हर तुमच्याकडंच आहे ना?"

एका ट्रकवाल्यानं किल्ली मागितली. हवालदार तयार होईनात. "सरकारी गाडी, दुसऱ्याच्या हातात दिली नि काही झालं तर? कुणीतरी त्यांचाच माणूस पाहिजे."

कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तुळजाराम मठाच्या पायरीवर बसला होता. मी बंबाच्या सीटवरची शाल काढून त्याचा हात गळ्यात बांधला होता. शालीच्या काठावर संघटनेचं नाव विणलेलं होतं. एक डोळा पुरता मिटला होता. तो उठला.

"मी आणतो की गाडी."

"अरे, तुला दवाखान्यात न्यायला पाहिजे," मी म्हणाले.

"तिथंच चाललोय न्हवं का आपण," तो म्हणाला.

पोलिसांनी पुढं त्याला विचारलं, कुणी मारलं. तो म्हणाला, बंबावरनं पडलो. मला विचारलं, तेव्हा मी नावं सांगितली, अप्पांचं पहिलं. अप्पांनी नाकारलं नाही. पण तुळजाराम सहीच करीना आणि प्रकरण तसंच बसलं. त्याचा हात वाकडाच जुळला. पुढच्या एप्रिलमध्ये अप्पा खिडकीवर पहिलेच होते. पैसे ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "अक्का, ड्रायव्हर आले का नवीन?" मी म्हणाले, "नाही अप्पा." ते पावती न घेताच गेले. मग त्यांनीच संघटनेतर्फे भरतीसाठी अर्ज दिला, दर वर्षी देत राहिले. पहिला नवा ड्रायव्हर आला तेव्हा मी निवृत्त व्हायला टेकले होते.

पण मला आठवतो तो टेकडीचा रस्ता.

कार्यालयाचं कुणीतरी सोबत लागतं म्हणून मी मागं, महादेवपाशी बसले होते. त्याच्या अंगावर मांडवातली पांढरी चादर होती. मधल्या जाळीतून पुढची दोन डोकी दिसत होती. तुळजाराम उजव्या हातानं स्टेअरिंग धरून, आणि शेजारी अप्पा. त्यांच्या भाजलेल्या तळव्यांना कुणीतरी पानं बांधली होती.

ऑफिसापासून मठापर्यंत उतार होता, म्हणून गाडी गिअरशिवाय गडगडत आली होती. आता ती सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि गचके देत बंद पडली. तुळजारामनं पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"गिअर डाव्या हाताला असतो, अप्पा."

अप्पांची मान शालीत बांधलेल्या त्या हाताकडं वळली. मग अप्पा सरकले. त्यांनी बांधलेला हात गिअरच्या दांड्यावर ठेवला.

"कसं करायचं?"

"मी किलच दाबला की खाली वढा. हां. आता सोडा." गाडी चालली. "आता वर ढकला. जोरानं. ती जरा अडती."

अप्पांनी ढकललं. कळ मस्तकात गेली असणार, त्यांचे खांदे ताठ झाले. बाजार मागं पडला. मांडवाच्या कमानीखालून जाताना मावळतीच्या उन्हात तिचे कागद लकाकत होते.

"तू बोलला का नाहीस रे?" अप्पा म्हणाले. पुढं बघतच म्हणाले.

"बोलत होतो की, अप्पा."

पुढं चढ लागला. गाडी धापा टाकायला लागली. मागं महादेवचं डोकं हललं, तसं मी ते दोन्ही हातांनी धरलं.

"पैला टाका," तुळजाराम म्हणाला.

अप्पांनी दोन्ही हातांनी दांडा धरला.